कुलवृद्धा, भयकथेतील

भयकथेतील एक आवर्ती पात्र. कुटुंबातील सर्वांत वयोवृद्ध स्त्री, म्हणजे आजी, पणजी किंवा सासू, ही एखाद्या अमानुष शक्तीशी पूर्वीच करार करून बसलेली असते आणि त्या कराराची फेड मुलाने, सुनेने वा नातवंडाने करावी अशी योजना तिने गुप्तपणे आखलेली असते, असे या कथाप्रकाराचे स्थूल स्वरूप आहे. योजनेचा उलगडा बहुधा वृद्धेच्या मृत्यूच्या वेळी किंवा मृत्यूनंतर होतो. तोवर कुटुंबातील माणसे आजारपण, अपघात, वेड व अपमृत्यू या घटना सुट्या सुट्या मानून सोशीत असतात. अखेरीस त्या एकाच सूत्रात ओवलेल्या होत्या, हे वाचकाच्या ध्यानी येते. मराठीत या कल्पनेचा विचार मुख्यतः नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘आजी’ ही कथा, तिच्यापासून अंशतः स्फुरलेला तुंबाड (२०१८) हा हिंदी चित्रपट आणि लपाछपी (२०१७) हा मराठी चित्रपट यांच्या संदर्भात करावा लागतो.

लोकपरंपरा : मराठी लोकसमजुतीत भयप्रद स्त्रीची दोन भिन्न रूपे आढळतात. हडळ व जखीण ही मृत स्त्रीची रूपे होत. बाळंतपणात वा अतृप्त वासनेने मेलेली स्त्री हडळ होते, अशी समजूत आहे. ‘जखीण’ हा शब्द ‘यक्षिणी’ या संस्कृत शब्दापासून आला आहे. चेटकीण व डाकीण या मात्र जिवंत स्त्रिया होत. त्या शेजारच्या घरात, किंबहुना स्वतःच्याच घरात वावरतात, स्वयंपाक करतात, मुले सांभाळतात. हडळीला भिणारा मनुष्य विशिष्ट झाड, विहीर वा तिन्हीसांजेची वेळ टाळून आपला बचाव करू शकतो. डाकिणीची भीती टाळण्याजोगी नसते, कारण ती ज्या घरात राहते त्याच घरात तो जेवतो. कुलवृद्धेची भयकथा या दुसऱ्या रूपावर उभी आहे. तिच्यातील दहशत अपरिचिताची नसून परिचिताची आहे.

या समजुतीच्या शेजारीच वृद्ध स्त्रीचे एक मंगल रूपही परंपरेत आहे. श्रावणातील कहाण्यांत संकटात सापडलेल्या सुनेला किंवा मुलीला व्रत सांगणारी बहुधा एखादी अनुभवी स्त्री असते. ती ‘वसा’ देते. त्याचे नियम उघडपणे सांगते. ऐकणारी तो समजून उमजून स्वीकारते. खानदेशातील कानबाईचा उत्सव हे याचेच कौटुंबिक रूप होय. जळगाव शहरात आता सामावून गेलेल्या मेहरूणसारख्या जुन्या गावापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हा उत्सव परिचित आहे. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी नारळाच्या रूपात कानबाईची स्थापना होते, रात्रभर अहिराणी गाणी म्हणत जागरण होते व सोमवारी विसर्जन होते. तिचा ‘रोट’ फक्त भाऊबंदांनीच खावयाचा असतो. अनेक घराण्यांत रोटाचे धान्य कुळातील पुरुषांच्या संख्येनुसार मोजून घेतले जाते. विधीचे बारकावे सासूकडून सुनेकडे येतात. मोजणी मात्र पुरुषांची होते. कुळाबाहेरच्या माणसाला न मिळणारे अन्न, स्त्रियांनी जपलेले ज्ञान आणि पुरुषांच्या नावाने मोजलेला वंश ही तीनही सूत्रे कुलवृद्धेच्या भयकथेत जशीच्या तशी भेटतात. फरक एवढाच, की कानबाईचे सारे उघड्यावर, गाजावाजाने चालते, तर भयकथेत ते लपवलेले असते. वसा दिला व घेतला जातो. भयकथेतील कुलवृद्धा तो नकळत लादते. या कथाप्रकाराचे मर्म या उलटापालटीत आहे.

पाश्चात्त्य पूर्वरूपे : एका पिढीच्या अपराधाची फेड पुढील पिढीने करावी, ही कल्पना ग्रीक शोकांतिकेइतकी जुनी आहे. आधुनिक भयसाहित्यात तिला कटाचे रूप आले. आयरा लेव्हिन (१९२९–२००७) यांच्या रोझमेरीज बेबी (१९६७) या कादंबरीत गर्भवती तरुणीभोवती शेजारच्या प्रेमळ वृद्ध दांपत्याने आणि खुद्द तिच्या पतीने जाळे विणलेले असते. कुटुंबाबाहेरचा हा कट स्टीव्हन किंग (१९४७– ) यांच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेत घराच्या आत आला. स्केलेटन क्रू (१९८५) या संग्रहात समाविष्ट असलेल्या या कथेत अकरा वर्षांचा जॉर्ज आंधळ्या, अवजड व अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटा राहतो. त्याच्या भावाचा पाय मोडल्याने आई रुग्णालयात गेलेली असते. आजीला चर्चमधून का काढले, तिची शिक्षिकेची नोकरी का गेली, तिच्याजवळ कोणती पुस्तके होती, याविषयी मोठ्या माणसांच्या तोंडून अर्धवट ऐकलेले तुकडे मुलगा त्या एकान्तात जुळवू लागतो. आजी मरते आणि उठते. ‘हस्तूर’ या नावाची आज्ञा देऊन मुलगा तिला पुन्हा निजवतो. परंतु शेवटच्या परिच्छेदांत कळते, की आजीचे काम पूर्ण झाले आहे व मुलाच्या देहात आता ती राहते.

आरी ॲस्टर (१९८६– ) यांच्या हेरेडिटरी (२०१८) या चित्रपटात हीच कल्पना अधिक विस्ताराने मांडली आहे. चित्रपटाचा प्रारंभ आजीच्या मृत्युवृत्ताने होतो. म्हणजे कटाची सूत्रधार पडद्यावर येण्यापूर्वीच गेलेली असते. पायमन या दैत्यराजासाठी पुरुषदेह मिळवून देण्याचा तिचा बेत आहे. मुलगा आत्महत्या करून हातचा गेला. मग नात आणि अखेरीस नातू ही त्या बेतातील साधने ठरतात. घरातील आई लघुरूप घरांच्या प्रतिकृती बनवते आणि शाळेच्या वर्गात ग्रीक शोकांतिकेतील नायकाला पर्याय होता की नव्हता, याची चर्चा चालते. या दोन तपशिलांतून, पात्रे स्वतंत्रपणे वागत नसून कुणी तरी मांडलेल्या घरात हलवली जात आहेत, हे सुचवले जाते.

‘आजी’ आणि मराठी रूपांतर : धारपांची ‘आजी’ ही कथा किंग यांच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली आहे. रसायनशास्त्राच्या तांत्रिक शाखेचे शिक्षण घेतलेल्या धारपांनी मराठी भयकथेला विपुल व सातत्यपूर्ण निर्मितीने वाचकवर्ग मिळवून दिला. पाश्चात्त्य कथाबीजे घेऊन ती मराठी घरात वसवणे हा त्यांच्या लेखनाचा एक मोठा भाग होता. लुचाई ही कादंबरीही किंग यांच्या सेलम्स लॉट (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे. अशा रूपांतरांना उसनेपणाचा दोष दिला जातो. स्रोताचा उल्लेख व ऋणनिर्देश या दृष्टीने तो विचारात घेण्याजोगा आहे. परंतु कथाबीज मराठी घरात आल्यावर त्याचा अर्थ बदलतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकन कथेत वृद्धेला घरी ठेवणे हाच कुटुंबापुढील एक विचारपूर्वक घेतलेला आणि जड वाटणारा निर्णय असतो. मराठी एकत्र कुटुंबात अंथरुणावरच्या आजीजवळ नातवाने बसणे हा कुणी घेतलेला निर्णय नसतो. ती रीत असते. ‘आजी’ या शब्दाभोवती मऊ भात, गोष्टी आणि पायावरची धडपी यांचा जो गोडवा साठलेला आहे, तो शीर्षकातच वाचकाला निःशस्त्र करतो. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात भीतीबरोबर अपराधभावही जागा होतो : सेवा करावयाची तिचीच शिसारी येते, आणि शिसारी आल्याची लाजही वाटते. ही गुंतागुंत या कथाबीजाची मराठीतील खरी कमाई होय.

हस्तूर ते हस्तर : या कथेतील शक्तीच्या नावाचा प्रवासही उद्‌बोधक आहे. अँब्रोज बिअर्स यांच्या १८९१ मधील एका कथेत हस्तूर हा मेंढपाळांचा सौम्य देव आहे. रॉबर्ट चेंबर्स (१८६५–१९३३) यांच्या द किंग इन यलो (१८९५) या संग्रहात ते नाव संदिग्ध व अशुभ झाले. पुढे एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांनी त्याचा ओझरता उल्लेख केला आणि ऑगस्ट डर्लेथ (१९०९–७१) यांनी त्याला विश्वविनाशक दैवतांत बसवले. किंग यांच्या कथेतून ते मराठीत उतरले व राही अनिल बर्वे दिग्दर्शित तुंबाडमध्ये ‘हस्तर’ होऊन थेट भारतीय पुराणकथेच्या थाटात अवतरले. बर्वे यांनी धारपांची कथा प्रथम १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अरण्यात मित्राच्या तोंडून ऐकली, असे सांगितले आहे. म्हणजे छापील कथा पुन्हा मौखिक झाली आणि तिथून पडद्यावर गेली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७) यांच्या तुंबाडचे खोत (१९८७) या कादंबरीवरून सुचलेले आहे. कथानकाचा मात्र त्या कादंबरीशी संबंध नाही.

तुंबाडमधील वृद्धा : या चित्रपटात कुलवृद्धेच्या कल्पनेला मूलगामी वळण मिळाले. १९१८ च्या सुमारास, पावसाने कुजलेल्या एका घरात साखळदंडांनी जखडलेली आजी आहे. तिला वेळेवर खाऊ घालावे लागते. हस्तरचे नाव घेताच ती निजते. भाऊ अपघातात सापडल्याने आई बाहेर जाते आणि विनायक हा मुलगा एकटा तिच्यासमोर उभा राहतो. येथपर्यंत किंग–धारप परंपरा स्पष्ट दिसते. परंतु या आजीचा कट नाही. गुप्तधनाच्या लोभाने ती हस्तरच्या तावडीत सापडली व मरण न येण्याचा शाप भोगत आहे. पंधरा वर्षांनी विनायक परत येतो, तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते. धनाचे रहस्य ती त्याला सांगते, ते मुक्तीच्या मोबदल्यात. बेत आखणारा तिचा वारस आहे. तुंबाडला पुन्हा यावयाचे नाही, असे आईने घेतलेले वचन तो मोडतो आणि १९४७ पर्यंत आपल्या मुलालाही त्याच विहिरीत उतरावयास शिकवतो. ज्याला आपण वृद्धेचा शाप समजत होतो तो पुरुषांनी आवडीने चालविलेला धंदा आहे, ही जाणीव चित्रपटाला भयपटाच्या सामान्य पातळीवरून वर नेते. लोभ हा येथे देहाच्या बदलाने नव्हे, तर बापाने मुलाला दिलेल्या शिकवणीने पिढ्या ओलांडतो.

लपाछपीमधील सासू : विशाल फुरिया दिग्दर्शित लपाछपी हा चित्रपट कटाच्या मूळ कल्पनेकडे परततो. कर्जात बुडालेल्या पतीबरोबर गर्भवती नेहा उसाच्या फडांनी वेढलेल्या एका घरात आश्रयाला येते. तिथली तुळसाबाई तिला मायेने खाऊपिऊ घालते, धाक घालते, नजरेखाली ठेवते. ऊस हे येथे केवळ नेपथ्य नाही. वाटा दडवणारे, आवाज गिळणारे आणि तोडणीपर्यंत उंचच उंच वाढत जाणारे ते पीक लपवलेल्या इतिहासाचे रूप घेते. जन्मलेल्या मुलींना मारून टाकल्याचा शाप या घराण्यावर आहे आणि गर्भवती सुनेला अडकवून त्यातून वंश सोडवण्याचा तुळसाबाईचा बेत आहे. पतीचे या घराशी असलेले नाते सुनेपासून लपवलेले असते. उषा नाईक यांच्या अभिनयाने तुळसाबाई राक्षसी होत नाही. ती कर्तव्यदक्ष वाटते, हेच भयंकर आहे. या कथेचे छोरी (२०२१) हे हिंदी रूपांतर त्याच दिग्दर्शकाने केले. स्त्रीभ्रूणहत्येविषयीचा बोध शेवटाकडे काहीसा उघड शब्दांत येतो, ही या चित्रपटाची मर्यादा होय; तथापि सासू–सून या रोजच्या नात्यात कट शोधण्याची त्याची दृष्टी अस्सल मराठी आहे.

रचना : लपवलेल्या कटाच्या कथेला दोनदा वाचले जाण्याची कसोटी असते. पहिल्या वाचनात जे तपशील घरगुती वाटतात (वृद्धेने नातवंडाला स्वतःच भरवण्याचा हट्ट, एखादी बंद खोली, ठरावीक वेळी द्यावयाचे अन्न, नावाविषयीचा निषेध) तेच दुसऱ्या वाचनात बेताचे टप्पे म्हणून दिसले पाहिजेत. या कसोटीला हेरेडिटरी व ‘ग्रॅमा’ उतरतात. दुय्यम दर्जाच्या कथांत उलगडा शेवटी एखाद्या पोथीतून किंवा मांत्रिकाच्या लांबलचक निवेदनातून होतो; तेथे आधीचे तपशील निष्प्रभ ठरतात, कारण ते कटाशी बांधलेले नसतात. दुसरी कसोटी नैतिक आहे : वृद्धेला ही सत्ता मिळाली कोठून? चांगली कथा या प्रश्नाचे उत्तर घरातच शोधते. आज्ञाधारकपणा, सेवा, मौन आणि घराण्याच्या नावाची चिंता यांनीच तिचा बेत सिद्धीस जातो. तिने कुणालाही बळाने पकडलेले नसते. सगळे आपापले कर्तव्य करीत असतात. निकृष्ट कथा मात्र उत्तर वृद्धेच्या देहात शोधते : सुरकुत्या, बोळके तोंड, आंधळे डोळे, दुर्गंधी. वार्धक्य हाच तेथे दुष्टत्वाचा पुरावा होतो. ‘ग्रॅमा’ही या दोषापासून पूर्णतः मुक्त नाही.

या सर्व कथांत एक समान विसंगती दिसते. सत्ता स्त्रीच्या हाती असते, पण ती ज्याच्यासाठी राबते तो देह पुरुषाचा असतो. किंग यांच्या कथेतील आजी नातवाच्या देहात जाते. हेरेडिटरीमधील दैत्यराजाला पुरुषदेहच हवा असतो. लपाछपीतील सासू मुलाच्या वंशासाठी सुनेला पणाला लावते. स्वतःसाठी काही मागणारी कुलवृद्धा भयकथेत विरळाच. ज्या व्यवस्थेने तिला आयुष्यभर दुय्यम ठेवले तिचीच ती सर्वांत निष्ठावंत राखणदार झालेली असते. कानबाईच्या रोटाचे धान्य मोजणाऱ्या हातांची आठवण येथे येते. प्रेमाने जपलेल्या रीतीतही गणना कुणाची होते, हा प्रश्न भयकथा अतिशयोक्तीने विचारते.

वास्तवातील छाया : या कल्पनेला साहित्याबाहेर एक दारुण बाजू आहे. सातपुड्याच्या परिसरात, विशेषतः नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील आदिवासी भागांत, डाकीण ठरवून स्त्रियांना मारहाण करणे, गावाबाहेर घालवणे व प्रसंगी ठार मारणे हे प्रकार घडले आहेत. मूल दगावले, जनावर मेले किंवा साथ आली, की भगताच्या सांगण्यावरून संशय एखाद्या स्त्रीवर येतो. ती पुष्कळदा विधवा, वृद्ध वा एकाकी असते आणि कधी तिच्या नावे जमीनही असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रथेविरुद्ध दीर्घकाळ प्रबोधन केले. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर शासनाने प्रथम अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्धचा अधिनियम संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते वा भूत लावते असे भासवून तिचे जिणे कठीण करणे हा त्यानुसार गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाची व पाच ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. गुप्तधन व संततिप्राप्ती यांच्या आशेतून घडणाऱ्या क्रौर्याचे भीषण रूप परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२–७४ या काळात झालेल्या हत्यासत्रात दिसले. विजय तेंडुलकर यांची पटकथा असलेला व अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला आक्रीत (१९८१) हा चित्रपट त्यावर आधारित आहे. त्यात अमानुष शक्ती कोठेच नाही. लोभ, वासना व भोळेपणा एवढ्यावरच सारे घडते.

भयकथा आणि डाकिणीचा आरोप यांची तर्कपद्धती एकच आहे. दोहोंतही सुट्या दुर्घटना एकत्र गुंफल्या जातात, त्यांच्यामागे एक वृद्ध स्त्री कल्पिली जाते आणि पुरावा नसणे हाच गुप्ततेचा पुरावा ठरतो. कथेत हे क्षम्य आहे, कारण तेथे कट खरोखरच असतो. लेखकाने तो रचलेला असतो आणि पुस्तक मिटले की संपतो. गावात तो रचणारा कोणी नसतो, तरी शिक्षा भोगणारी स्त्री असते. म्हणून या कथाप्रकाराचे मूल्यमापन केवळ भीतीच्या तीव्रतेवरून करणे अपुरे ठरते. जी कथा वृद्धेकडे बोट दाखवून थांबते ती जुन्या संशयाला नवे वस्त्र देते. ज्या कथेत ते बोट पुढे सरकून घराण्याच्या लोभाकडे, मौनाकडे आणि वंशाच्या हव्यासाकडे वळते, ती वाचकाला स्वतःच्या घराकडे पाहावयास लावते. या दृष्टीने तुंबाड हे या परंपरेचे आजवरचे सर्वांत प्रगल्भ रूप म्हणता येईल. मराठी गद्य भयकथेत मात्र ‘आजी’च्या पुढचे पाऊल टाकणारी, म्हणजे कुलवृद्धेच्या बाजूने, तिच्याच दृष्टीने ही गोष्ट सांगणारी कथा हे अजूनही आव्हानच आहे. सासरी आलेली एक मुलगी कोणकोणते नियम गिळत त्या अंधाऱ्या खोलीपर्यंत पोहोचली, हे अशा कथेत सांगितले गेले, तर भय कमी होणार नाही. ते कोठून आले हे कळेल.